आबांच्या पिशवीतली बाटली

वाटूर फाट्यावर आबा एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या पिशवीतून बाटलीचं तोंड डोकावत होतं. लाखेनं बंद केलेलं होतं, पण ते बघायचं भान कुणाला! माय गेली त्या वर्षी आबांनी गळ्यात माळ घातली, तेव्हापासून दारूचा थेंब न्हाई. तरी माझ्या तोंडून गेलंच, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतेत, ते काय खोटं न्हाई!"

चहाच्या टपरीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मेली माझी जीभ! आबांनी पिशवी खाली ठेवली, जवळ आले आणि माझ्यापुढं तोंड उघडलं.

"घे वास," म्हणाले.

लहानपणी माय मला रोज संध्याकाळी त्यांच्यापुढं उभी करायची. "बघ गं, पिऊन आलाय का तुझा बाप?" मग तो आडदांड माणूस गुडघे टेकून पोरीपुढं तोंड उघडायचा. आता मी शाळेत बाई आहे, आणि भर फाट्यावर आबा तेच करत होते. वास आला तो नुसता उपाशी पोटाचा. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

माझा धाकटा भाऊ तिकडं दक्षिणेत, कर्नाटकात, द्राक्षमळ्यात वाईन बनवतो. दरवर्षी छाटणीला आबांना बोलावून घेतो; आबा तिथूनच परतले होते. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी संशय आधी आबांवरच!

घरी आल्यावर मला बरं वाटावं म्हणून आबाच बोलत राहिले. "तिथं गाईच्या शिंगात शेण भरून पुरतेत, चंद्र बघून छाटतेत. बायोडायनॅमिक म्हणतेत त्याला. आपण केलं की अडाणी!" स्वतःच हसले. "आन् वेली किती जुन्या! आपल्याकडं म्हातारी झाली की उपटून फेकतेत. तिथं तिलाच मान. मागल्या साली मी छाटल्या, त्यांचीच हाय ही लाल वाईन. चाखून सांग बरं, कशी झाली."

"तुम्ही वास तरी घ्या, आबा."

"न्हाई बाई. बाटलीपाशी नाक न्यायला माझाच मला भरवसा न्हाई. तू बोलली ते काय चुकीचं न्हाई बोलली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी जन्मात कधी चाखली नव्हती. मायच्या फोटोकडं पाठ करून स्टीलच्या पेल्यात ओतली आणि प्यायले. जांभळासारखी तुरट लागली, मग मागून मातीची चव आली. आबा बाजेवर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"कशी हाय?"

मला रडू आलं.

"इकडं ये," आबा म्हणाले. "बघू."

मी त्यांच्यापुढं गुडघे टेकले आणि तोंड उघडलं.