आवाज काय, कावळ्यालाही असतो

यमूमावशी बोलायची तेव्हा आवाज निघेलच असा नेम नसायचा. दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडे तिचे ओठ हलायचे, भुवया वर जायच्या, हात कमरेवर यायचा, आणि आमच्या कानांवर फक्त माडांची सळसळ. मग तिच्या लक्षात यायचं. ‘अगो बाई, आवाज राहिलाच की!’ म्हणायची आणि तेच वाक्य पुन्हा आवाज घालून म्हणायची. आमटीत मीठ राहावं तसं.

याचं कारण तिची आई, आमच्या शेजारच्या काशीकाकू. लहानपणीच्या तापात त्यांचे कान गेले होते. त्या समोरच्याचे ओठ पाहून बोलणं ओळखायच्या. अशा घरात वाढलेल्या मुलीला आवाजाचा उपयोग काय? शब्द ओठांवर नीट मांडायचा, उरलेलं डोळ्यांनी सांगायचं. पुढे याच विद्येवर तिचं पोट चाललं. मुंबईला मामाकडे म्हणून गेली आणि आईला न विचारता मूकपटांच्या कंपनीत शिरून ‘मिस मधुमालती’ झाली.

मग बोलपट आले. आवाजाच्या परीक्षेला तिने एक उतारा असा म्हटला, असा म्हटला, की समोरच्या माणसाने डोळे पुसले. यंत्रात मात्र काहीच उतरलं नाही. भावनेच्या भरात बाई आवाज घालायला विसरल्या होत्या! दुसऱ्यांदा घातला, तर आमचा रत्नागिरीचा हेल आला. ‘म्हणाले, ही महाराणी मांडवी बंदरावरची वाटते,’ असं सांगून ती खदखदून हसायची. हसणं संपलं की पुस्ती जोडायची, ‘आवाज काय गो, कावळ्यालाही असतो.’

एक ट्रंक घेऊन ती बोटीने परत आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दोन शेपटे, पुढे आलेले दात, आणि आपण नटी होणार याबद्दल तिळमात्र शंका नाही. तिच्यावर छाप पाडायला मी डोळ्यांना कांदा चोळून तिच्यासमोर रडून दाखवलं. नाकही भरपूर वाहिलं.

‘कांदा कालवणाला ठेव,’ ती म्हणाली. ‘रडायचं नसतं गो बाय. रडू अडवायचं. लोकांना अडवलेलंच दिसतं.’

घरात ती तेच करत होती, हे माझ्या, म्हणजे भावी नटीच्या, डोक्यात शिरलं नाही. काशीकाकूंनी लेकीला खोली दिली, भात दिला, पण तोंड दिलं नाही. यमूमावशीचे ओठ हलले की त्या मान फिरवायच्या. कान असलेल्याला नको ते ऐकावंच लागतं. काशीकाकूंनी मान फिरवली की दार लागलं. ‘माझी लेक मुंबईस गेली ती गेली. ही कोण बिऱ्हाडकरू!’ असं त्या माझ्या आईला सांगायच्या, तेही साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्याने. यमूमावशी चुलीपासून पाट्यापर्यंत त्यांच्या तोंडासमोर यायला फिरायची, आणि त्या तेवढ्याच फिरायच्या.

पुढच्या वर्षी मैदानात सिनेमाचा तंबू लागला. मुंबईत बोलपट गात असले तरी आमच्याकडे जुनी मुकी चित्रंच यायची. हे नेमकं मिस मधुमालतीचं निघालं.

‘आयेला नेऊ नकोस हं,’ यमूमावशीने मला बजावलं. ‘तिथेही मान फिरवेल.’

मी अर्थातच काशीकाकूंना गाठलं. ‘काकू, कृष्णाचं चित्र आलंय,’ मी ओठ मोठे करून खोटं सांगितलं. त्या हळदीकुंकवाची पुडी घेऊनच निघाल्या.

आम्ही पुढे जमिनीवर बसलो. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवायला एक आडदांड माणूस उभा होता. कृष्ण येईना. आली ती वनात टाकलेली राणी, दाराएवढ्या मोठ्या चेहऱ्याची. काशीकाकूंची मान वळायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. राणीचे ओठ थरथरत हलत होते. तो माणूस गरजला, ‘नाथ! या अबलेचा त्याग करू नका!’

आणि माझ्या शेजारून, स्वतःला कधीच ऐकू न आलेल्या त्या मोठ्या आवाजात, काशीकाकू ओरडल्या, ‘जेवल्ये गो, जेवल्ये! तू इतकी बारीक कशी झालीस?’

तंबू हसून लोळला. ‘म्हातारे, राणीला पान वाढतेस काय?’ कोणीतरी मागून म्हणालं. मी ओंजळीत तोंड लपवलं. म्हातारीला वेड लागलं आणि आपली अब्रू गेली, एवढंच मला कळलं.

घरी आलो तर यमूमावशी तांदूळ निवडत होती. काशीकाकूंनी कंदील उचलला, तिच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा ठेवला आणि समोर बैठक मारली.

‘आता बोल,’ म्हणाल्या.

 यमूमावशी रडू अडवायचंच विसरली.

मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ‘मूकपटात काय बोलतेस हे कोण विचारतो? ओठ हलले की झालं. मग मी दर रडायच्या प्रसंगाला आयेशी बोलून घ्यायचे. आये, मी जेवल्ये गो, तू जेवलीस? म्हटलं, कधीतरी तंबू रत्नागिरीस जाईलच.’

नंतरची चार वर्षं मायलेकी समोरासमोर बसून बिनआवाजाच्या गप्पा मारायच्या आणि मध्येच दोघीही फुटून हसायच्या. त्यांच्यात बसून मीही ओठ वाचायला शिकले. ज्ञान म्हणून नव्हे, शुद्ध चोंबडेपणा. नटी मी झाले नाही. पण ही विद्या पुढे सासरी फार कामी आली.

काशीकाकू गेल्या त्या सकाळी मी दारात उभी होते. त्यांची नजर लेकीच्या तोंडावर खिळलेली होती आणि यमूमावशीचे ओठ हलत होते. उजेड छान होता. मला एकेक शब्द वाचता आला असता.

मी मान फिरवली.