बाबांचा दुभाष्या

"याच्या तोंडून कध्धी वाईट शब्द निघायचा नाही," असं माझं कौतुक लहानपणापासून होत आलं. चुलीत घाला ते कौतुक! त्यानेच माझं वाटोळं केलं.

आई गेल्यावर बाबा नागपूरहून माझ्याकडे अमेरिकेत, कॅरीला राहायला आले. शहात्तर वर्षांचे, उभा जन्म ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक. वर्षभरात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशन करता येईल, पण या वयात धोका आहे. नाहीतर औषधांवर जमेल तेवढे दिवस. "त्यांना काय हवंय, ते विचारा," त्या म्हणाल्या. दुभाष्याला फोन लावून देते असंही म्हणाल्या, तर मलाच राग आला. मी मुलगा आहे त्यांचा, मला काय मराठी येत नाही?

"काय म्हणते ती?" बाबांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे, बाबा. झडप जरा दुरुस्त करायचीय, बस."

आणि डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, ते ऑपरेशनला तयार आहेत. दोघांशी बोललो, दोघांशीही खोटं. एवढं करून गाडीत बसल्यावर हलकं वाटलं मला! लाज नाही वाटली.

तीन आठवड्यांनी संमतीच्या कागदावर सही करायला गेलो. नर्स म्हणाली, सहीच्या वेळी घरच्यांचं भाषांतर चालत नाही. तिने दुभाष्याचा फोन स्पीकरवर टाकला. समोर बसलेल्या डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलत होत्या आणि कुठल्यातरी शहरातून एक बाई ते स्वच्छ मराठीत सांगायला लागली. छाती उघडावी लागेल. अर्धांगवायूचा धोका आहे. जीवही जाऊ शकतो.

"अहो, जरा बेताने सांगा ना! म्हातारा माणूस आहे," मी ओरडलो.

"डॉक्टर बोलतात तेच मला सांगावं लागतं, सर," ती म्हणाली आणि पुढे सांगत राहिली. "ऑपरेशन न करण्याचाही पर्याय आहे. मागच्या वेळी तुम्ही होकार दिला होता. तो कायम आहे ना?"

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी कधी हो म्हटलं बे?"

"तुम्ही घाबरला असता, बाबा."

"मी घाबरलो असतो का तू?" त्यांचा आवाज चढला. "माह्या गॅरेजात ट्रक आला, तरी मालकाले विचारल्याबिगर मी कधी इंजिन खोललं नाही. अन् तू माही छाती खोलाले निघाला?"

मला संताप आला. त्या बाईवर, नर्सवर, हॉस्पिटलच्या नियमावर, सगळ्यांवर. पण बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी प्रेमळबिमळ काही नाही, मी भित्रा आहे. समोरच्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही, म्हणून त्याच्या तोंडावर खरं बोलायची माझ्यात हिंमतच नाही. आईलाही शेवटच्या आजारात व्हिडिओ कॉलवर रोज सांगत होतो, तिकीट काढलंय, येतोच आहे. काढलं नव्हतं. ती दाराकडे बघत गेली, असं बाबाच मला एकदा म्हणाले होते. तेव्हाही मला अक्कल आली नाही.

बाबा फोनकडे वळले. "बाई, याले बाहेर जायले सांगा. मग मले सगळं पहिल्यापासून सांगा."

फोनवरच्या बाईने ते इंग्रजीत सांगितलं. नर्सने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

पाऊण तास मी बाहेरच्या खुर्चीत बसून होतो. आतून बाबांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग ते सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले.

"काय ठरलं, बाबा?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले आणि लिफ्टकडे चालायला लागले.