शेजारच्या नंबरावरचा भाऊ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळत होते. कुठल्या ट्रकमध्ये किती माल, कोणाचा, कुठे निघाला, हे सगळं डेटाबेसमध्ये. तो दोन सर्व्हरवर होता, दोन्हीकडे तीच माहिती. टेबलावरच्या प्रत्येक मशीनला मी दोघांचे पत्ते लिहून दिले होते: आधी पहिल्याला विचार, तो गप्प राहिला तर दुसऱ्याकडे जा. पण सकाळी गाड्यांची रांग लागली की सगळी टेबलं पहिल्याच्याच गळ्यात पडायची आणि दुसरा आपला मजेत बसलेला. मग निम्म्या टेबलांवर मी क्रम उलटा केला. त्या दिवशी खूश होऊन मीच सगळ्यांना चहा पाजला.

एकदा पहिला सर्व्हर बंद पडला. त्याची टेबलं निमूट दुसऱ्याकडे गेली, एक गाडी अडली नाही, मी कॉलर ताठ केली. दुपारी पहिला दुरुस्त होऊन आला, तर त्याच्याकडे कुणी फिरकेना. दुसऱ्याला धाप लागलेली, पहिला रिकामा. धरलेली जोडणी चालतेय तोवर मशीन मागे वळून बघत नाही. ती आपल्याला तोडावी लागते. मी तोडायला बसले, तर वजनकाट्यावरचा, जवळच्या ओवे गावचा कारकून ओरडला, "चालू हाय ना मॅडम, मंग कशाला तोडताव?"

मला एकदम भाऊ आठवला आणि रडूच आलं. कारकून बिचारा घाबरला.

भाऊ आखातात नोकरीला होता. पनवेलला आमच्या घरी फोन नव्हता, तेव्हा तो शेजारच्या काकूंच्या नंबरावर करायचा, शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. काकू जिन्यातून हाक मारायच्या आणि आई पिठाच्या हातांनी धावायची. दुसऱ्याच्या हॉलमध्ये, सगळे टीव्ही बारीक करून बघत असताना ती काय बोलणार? "जेवतोस ना? बरं, बरं." तेवढ्यात संपायचं.

मग वर्षानुवर्षं वाट बघायला लावून आमचा फोन आला. आईने त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. नवा नंबर भावाला कळवला आणि नेमकी त्याच शुक्रवारी आमची लाइन बंद. त्याने काकूंकडे लावला. लागला. झालं, तेव्हापासून तो तिकडेच. आमची लाइन सुधारली, त्याला दहादा सांगितलं, "हो हो" म्हणायचा आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा जिन्यातून काकूंची हाक.

"मीच सांगते काकूंना," मी भडकून म्हटलं.

"नको गं. त्याचा आवाज ऐकून त्यांना किती बरं वाटतं."

"आणि तुला?"

आई झाकण काढून फोन पुसायला लागली. मला तो फोन उचलून आपटावासा वाटला. मला भाऊ घरी हवा होता. तो नाही तर निदान त्याचा आवाज तरी आमच्या भिंतींना लागावा.

पुढे एका शुक्रवारी काकूंचाच फोन बंद पडला. संध्याकाळ झाली तरी हाक नाही. आई जिन्याकडे कान लावून बसलेली. आणि आमचा फोन वाजला.

आईने उचलला. मी शेजारी कान लावला. पलीकडून घाईघाईने आवाज आला, "काकू, मीच. आईला बोलावता का जरा?"

नंबर आमचा फिरवला होता, पण तोंडात इतक्या वर्षांचं तेच वाक्य. आईचा चेहरा एवढासा झाला. मी रिसीव्हर ओढायला गेले, तिने माझा हात बाजूला केला.

"हो, बोलावते हं," ती म्हणाली.

रिसीव्हर हळूच टेबलावर ठेवून ती दारापर्यंत गेली. तिथे उभी राहून पदराने तोंड पुसलं. मग परत आली, पहिल्यांदाच खुर्ची ओढून ऐसपैस बसली आणि म्हणाली, "बोल रे राजा. आपल्या घरातून बोलतेय."