सेन्सर हलवला तो रविवार

हे गेले आणि मागे राहिलं शहापूरचं घर आणि ही मेली गाडी. शाळेतून निवृत्त झाले आणि हट्टानं चालवायला शिकले. मुलगी लांब, फोनवर एकच धोशा, "आई, विकून टाक ना." का म्हणून विकू?

पण गाडीनं छळ मांडला. सकाळी गार असताना अगदी गुणी. बाजारात जरा उभी केली की पुन्हा निघताना आचके देऊन बंद. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खायचे. शेवटी यांच्या ओळखीचा मुरबाडचा मेकॅनिक दर रविवारी, गॅरेजच्या सुट्टीला, एसटीनं घरी येऊ लागला. कधी प्लग बघ, कधी पंप. मी टॉर्च धरायची.

"बाई, इंजिनावर धरा, माझ्या तोंडावर नको!" तो खेकसायचा. आठवडाभरात माझ्यावर ओरडणारं तेवढंच माणूस. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू!

एका रविवारी त्यानं इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे ते मोजणारा सेन्सर काढला. बोटाएवढा. त्याला मीटर जोडून टोक आधी फ्रिजच्या पाण्यात बुडवलं, मग गरम पाण्यात. मीटरवरचा आकडा सरसर उतरला.

"तापला का आकडा उतरतो, म्हणजे सेन्सर चांगला हाय," तो म्हणाला. "जागा चुकलीय. कोणीतरी पाइप बदलताना याला इंजिनाला खेटून बसवला. गाडी उभी राहिली का हा तापतो. मग हवाच तापलीय समजून इंजिनाला पेट्रोल कमी जातं."

"मग आता?"

"पुढं नेऊ, फिल्टरजवळ. तिथं बाहेरची गार हवा लागंल."

त्यानं वायर वाढवली, पुढच्या पाइपला भोक पाडून सेन्सर बसवला, जुनं भोक बुजवलं. मग मीच त्याला मुरबाडला सोडायला निघाले. वाटेत भर उन्हात गाडी जरा वेळ थांबवली, पुन्हा चालू केली. एक आचका नाही!

"आता तुमाला माझी गरज नाय," उतरताना तो खुशीत म्हणाला. परतताना गाडीला म्हटलं, एकदा तरी बंद पड ना गं. कसली पडतेय!

पुढच्या रविवारी सवयीनं दोन कप चहा टाकला. दुसरा कप निवला, मोरीत ओतला. दिवसभर घरात माझ्याच चपलांचा आवाज. भिंती अंगावर येत होत्या.

सोमवारी उठले आणि गाडी काढून थेट मुरबाडचं गॅरेज गाठलं. तो हात पुसत धावत आला.

"परत बंद पडली?"

"नाही."

"आवाज येतो?"

"नाही रे बाबा, झकास चालते."

"मग?"

जन्मभर वर्गात बडबडले आणि आता एक वाक्य जुळेना. "घरी करमत नाही," एवढंच म्हणाले आणि रडूच आलं.

मागे एका जीपचं बॉनेट उघडं होतं. फळीवरचा टॉर्च काढून त्यानं माझ्या हातात दिला.

"इंजिनावर धरा," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर नको."