लिओनाची खिडकी

ओरिन वासेक हा आमच्या गावचा पत्रेवाला. १९६४ साली कोर्ट स्ट्रीटवरच्या दुकानदारांना नवेपणाची हौस आली आणि त्यांनी शंभर वर्षांच्या विटांच्या इमारतींवर वरपासून खालपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून घेतले. ठोकणारा ओरिन. मी समोरचा न्हावी. माझं दुकान तेवढं वाचलं, कारण माझा बाप चिक्कू होता.

त्या पत्र्यांखाली एक खिडकी गेली. शिंप्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, शिंप्याची मुलगी लिओना तिथे बसायची. खालचं दार कायम बंद, म्हणून ओरिन भेटायला आला की ती मोज्यात चावी घालून खाली टाकायची आणि तो ती झेलायचा. दोघांचं लग्न ठरलं आणि त्याच वसंतात घरमालकाने ओरिनकडून ती खिडकी झाकून घेतली. मग संसार झाला तो हायवेलगतच्या बैठ्या घरात. लिओना चिडवायची, "माझी खिडकी कधी परत देतोस?" हा म्हणायचा, "देतो, देतो." दोन वर्षांपूर्वी ती गेली. द्यायचं राहूनच गेलं.

वरचे मजले साठ वर्षं कबुतरांना दिले होते. आता नगरपालिकेने तिथे राहायची घरं करायची ठरवली, पत्रे उतरायला लागले, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा ओरिन रोज माझ्या खुर्चीत येऊन बसू लागला. दाढीला नव्हे, बघायला.

काम टेस नावाच्या तरुण बाईकडे होतं. तिचा नियम एकच: जुनं होतं तसंच करायचं, अंदाजाने काही नाही, पुरावा हवा.

"तिथे खिडकी होती," ती माझ्या दुकानात आली तेव्हा ओरिन समोर बोट दाखवत म्हणाला.

"भोक दिसतंय, मिस्टर वासेक. पण माल चढवायचं दारही असेल. फोटो आहे?"

जुने फोटो होते, पण प्रत्येकात नेमकं तिथे कोपऱ्यावरचं एल्मचं झाड आडवं. मेल्या झाडाला दुसरी जागा मिळाली नाही.

"मग विटांनी बुजवावं लागेल," टेस म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं, पण बाई नियमाला पक्की.

ओरिनचा चेहरा उतरला. मग एकदम लाल झाला. "भंगाराचा ट्रक गेला का?"

"भरतोय. का?"

म्हातारा रस्ता ओलांडून असा धावला की मी कात्री घेऊनच मागे पळालो. पत्रेवाल्यांची एक रीत असते. कामाचा शेवटचा पत्रा बसवताना त्याच्या पाठीवर नाव आणि तारीख लिहायची. कोणी वाचणार नसतं, म्हणून मनातलंही लिहून टाकतात. ढिगातले एकवीस पत्रे आम्ही उलटे केले. बाविसाव्यावर निळ्या खडूत होतं: "लिओनाची खिडकी. तीन काचा वर, तीन खाली. मालकाच्या हुकमाने झाकली. ओरिन वासेक, मे १९६४. लिओना, मला माफ कर."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडलो.

"लाज वाटली रे."

टेसने तीनदा वाचलं. "तीन वर, तीन खाली," ती हळूच म्हणाली आणि वहीत खिडकी काढायला लागली.

शरद ऋतूत खिडकी उभी राहिली. त्या खिडकीमागचं घर ओरिननेच भाड्याने घेतलं. मुलीने डोकं आपटलं, "बाबा, सत्तावीस पायऱ्या!" पण हा ऐकतोय कुठे. सामान आलं, पडदे लागले. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याचं मनासारखं झालं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला. वर दिवा तसाच जळत होता.

"काय रे, करमत नाही?"

"वर बसलं की खिडकी दिसत नाही," तो म्हणाला. "मी कधी आतून बघितलीच नव्हती ना. मी कायम खाली असायचो."

त्याने खिशातून राखाडी मोजा काढला. आत चावी होती.

"जरा वर जाऊन टाकतोस?"

"माझे गुडघे बघ, गाढवा. आणि लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात. एकदाच."

सत्तावीस पायऱ्या मी त्याला शिव्या घालत चढलो. खिडकी वर सरकवली. खाली दिव्याच्या खांबाजवळ तो टोपी काढून उभा होता, केस नीट विंचरलेले. सकाळी मीच विंचरले होते. मी मोजा टाकला. त्याने दोन्ही हातांनी झेलला. म्हाताऱ्याचा झेल सुटला नाही.

मी हात हलवला, हाकही मारली. तो वर बघून हसत होता. पण माझ्याकडे बघत नव्हता.