गोड्या विहिरीचं पाणी

आमची गाडी ह्यांनीच मारत आणली होती. स्वतःच्या हातांनी, लाडाने.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून खरं काय ते सांगून टाकते.

श्रीवर्धनला आमच्या सुपारीच्या वाडीत ती जुनी काळी गाडी उभी असते. सासऱ्यांनी घेतलेली. जरा चढ लागला की तापायची, बॉनेटमधून वाफ.

मग हे विहिरीवरून कळशी आणायचे आणि रेडिएटरमध्ये ओतायचे.

शेजारच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, आमची गोडीच राहते, याचा ह्यांना केवढा अभिमान. पाहुण्याला चहाच्या आधी पाणी, आणि पाण्याच्या आधी पाण्याचं कौतुक.

म्हसळ्याचे मेकॅनिक सलीमभाई दर वेळी सांगायचे, पाणी गोड असलं तरी त्यात क्षार आहेत, आत थर धरतो, पाण्याऐवजी कूलंट घाला. मीही सांगायचे. आपल्या गिझरची कॉइल बघा म्हणायचे, कशी पांढरी झाल्येय.

"अगो, चार पिढ्या ह्या पाण्यावर वाढल्या. गाडीला तेवढं बाधतंय होय?"

विषय संपला. वर्षानुवर्षं हाच विषय, आणि असाच संपायचा.

दुरुस्ती मात्र दोघांची. हे बॉनेटमध्ये डोकं घालून, मी सीटवर, टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवून. "काटा सांग" म्हणाले की सांगायचं. माझं काम तेवढंच, पण माझ्यावाचून अडायचं.

मुलगा कॅनडात. म्हणाला, आई, भंगारात दे ती, मी टॅक्सी बुक करतो. मी म्हटलं, वर्षश्राद्धाला हरिहरेश्वरला ह्यांच्याच गाडीने जाणार. वाटेत तापली, तर परत आल्यावर खुशाल दे भंगारात.

गेल्या आठवड्यात, इंजिन गार असताना, सलीमभाईंना फोनवर विचारत विचारत मी रेडिएटरचा खालचा होस, म्हणजे रबरी नळी, काढला.

आत पांढरा थर. गिझरच्या कॉइलवर असतो तसाच.

होस परत बसवून, सरबतात घालतो ते सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून भरलं, इंजिन थोडा वेळ चालवलं, गार होऊ दिलं, काढून टाकलं. मग झाडांच्या पाइपने उलट्या बाजूने पाणी सोडलं. तीन वेळा केलं तेव्हा कुठे पापुद्रे यायचे थांबले. मग दुकानातून आणलेलं कूलंट.

इंजिन सुरू केलं. बॉनेटपाशी जाऊन गळतंय का बघायचं, धावत येऊन काटा बघायचा. परत बॉनेट. परत काटा.

चौथ्या फेरीला धाप लागली. पडवीच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. इंजिन चालूच होतं.

आज सकाळी एकटीच गाडी चालवत निघाले.

सगळे चढ चढले. काटा अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. वाफ नाही, काही नाही.

गुरुजींनी सगळं नीट केलं. नंतर समुद्राकडे तोंड करून गाडी लावली आणि बाजूच्या सीटकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बघितलंत? दुखणं पाण्याचंच होतं."

आणि थांबले. सवयीने. आता काहीतरी तिरकं उत्तर येणार म्हणून.

आलं नाही.

इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले, आणि मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

अहो, एकदा येऊन मला खोटी पाडा. मी हूं की चूं करणार नाही.

नमस्कार करते.