तास चालू असताना मन कुठे असतं

मानसशास्त्रात एम.ए. करताना मला प्रबंधासाठी विषय निवडायचा होता. मी ‘विद्यार्थ्यांची प्रेरणा’ असं काहीतरी भारदस्त लिहून नेलं. आमच्या मार्गदर्शक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसल्या. “अगं, एवढं मोठं आभाळ कवेत घेऊ नकोस. तास चालू असताना मुलं कुठे असतात, एवढंच बघ.”

“वर्गात,” मी म्हणाले.

“बघ तर खरं,” बाई म्हणाल्या.

पद्धत त्यांनीच समजावली. तास चालू असताना मध्येच कधीतरी घंटी वाजवायची. त्या क्षणी आपलं मन कुठे होतं, ते प्रत्येकाने लक्षात ठेवायचं आणि तास संपल्यावर मला सांगायचं. गावी, निरगुडसरला घरी आल्यावर मी वडिलांना हे सांगितलं. ते कांद्याला पाणी देत होते. फावडं मातीत रोवून म्हणाले, “मन कुठं जातं ते बघायला पुण्याला शिकायला जावं लागतं व्हय?” आणि स्वतःच कितीतरी वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले.

जुन्नरच्या बाजूच्या एका कॉलेजात मला परवानगी मिळाली, तीही इतिहासाच्या तासाला. सर निवृत्तीला आलेले होते. त्यांना हा प्रकार फारसा रुचला नव्हता. “म्हणजे माझ्या तासाला मुलं कुठं पळून जातात, ते तुम्ही मोजणार?” त्यांनी विचारलं. तरी त्यांनी मागच्या बाकावर माझ्यासाठी जागा करून दिली. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी टिचकी मारायची एक घंटी मी आणली होती. सकाळचं ऊन तिरकं आत यायचं, पंखा मंद फिरायचा, आणि सरांचा आवाज लांबच्या विहिरीवरच्या इंजिनासारखा एका लयीत चालू असायचा. मी हळूच टिचकी मारायची.

पहिले काही दिवस सगळे सज्जन होते. तास संपल्यावर कॉलेजमागच्या चिंचेखाली बसून मी एकेकाला विचारायची आणि प्रत्येक जण म्हणायचा, “सर सांगत व्हते तेच ऐकत व्हतो.” शेवटी आणे गावच्या पठारावरून येणारा एक दांडगा मुलगा डोकं खाजवत म्हणाला, “ताई, खरं सांगू का? मी व्हतोच कुठं वर्गात! मी आमच्या पठारावर वाऱ्याला पडलो व्हतो. लई गार वारं व्हतं.”

सगळे खो खो हसले, आणि तिथून पुढे खरं बोलायला लागले. एक जण पोलीस भरतीच्या मैदानावर धावत होता. एकीच्या घरामागच्या उसात बिबट्याच्या मादीने पिल्लं घातली होती, तिचं मन त्या उसाच्या कडेकडेने फिरत होतं. कुणी टोमॅटोच्या बागेत होतं, तर कुणी बहिणीच्या लग्नाच्या पंगतीत वाढत होतं. ऐकता ऐकता मला वर्ग वेगळाच दिसू लागला. शरीरं बाकांवर ओळीने बसलेली, आणि मनं मात्र सगळ्या तालुक्यावर पांगलेली, पिंजलेल्या कापसासारखी अलगद तरंगणारी. सरांचा आवाज त्यांच्या खालून वाहत राहायचा.

एकच मुलगी काही बदलत नव्हती. नाणेघाटाच्या अलीकडच्या वाडीतली, हॉस्टेलवर राहणारी, खिडकीशी बसणारी. तिचं उत्तर रोज तेच असायचं, “वर्गातच व्हते.” तिची नजर तर कायम बाहेर लागलेली. मला वाटायचं, लाजते आहे. मी आग्रह करत नव्हते.

एक दिवस बाकीचे गेल्यावर ती थांबली.

“ताई, तुमाला माझं खरं वाटत न्हाई ना?”

“तसं नाही गं. पण तू खिडकीबाहेर बघत असतेस.”

“मी वर्गातच असते,” ती म्हणाली. “पन या वर्गात न्हाई.”

मग तिने सांगितलं. तिच्या वाडीत एका खोलीची शाळा होती. पोरं कमी झाली म्हणून ती बंद पडली. घंटी वाजायची तेव्हा ती त्या खोलीत असायची, फळ्यापाशी उभी. भाताच्या खाचरांवरून धुकं यायचं आणि दारातून आत शिरायचं. पोरं मांडी घालून बसलेली असायची. “सर हितं जे सांगत्यात ना, तेच मी तितं पोरांना सांगत असते. आमच्या बोलीत. न्हाईतर त्यांना कळत न्हाई.”

माझ्या पुस्तकांत मन भरकटणं म्हणजे गोडी नसणं, असा साधा हिशेब होता. आणि ही मुलगी सगळ्यांत लांब जाऊन सगळ्यांत जास्त शिकत होती. तिला विचारूनच, तिचं नाव न घेता, मी हे सरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी घंटी वाजवली तेव्हा सरांनी खडू टेबलावर ठेवला. “आज आधी मी सांगतो,” ते म्हणाले. “तोंडाने मी शिकवत होतो. मनाने मात्र माझ्या पहिल्या नोकरीच्या गावात, शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. तिथं मी फार छान शिकवायचो.” सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “उद्याचा तास कोण घेणार?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग खिडकीपाशी ती उठली.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीला तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. विषय नाणेघाटाचा. हातात पुस्तक होतं, पण ते तिने मिटलं आणि म्हणाली, “समजा तुमी खालनं कोकणातनं येताय. पाठीवर वझं हाय. पाय भरून आलेत. वर बघताय तर घाट संपत न्हाई.” आणि ती आम्हाला चढवत गेली. दगडी पायऱ्या, ओलसर भिंती, खिंडीतून तोंडावर येणारा वारा, वर पोचल्यावर जकात घ्यायला बसलेला माणूस आणि त्याच्याजवळचा दगडी रांजण. पठारावरचा तो दांडगा मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. सर माझ्या शेजारी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. तास कधी संपला ते कळलंच नाही. माझी घंटी वाजवायची राहून गेली होती.

प्रबंधात त्या दिवसाची जागा रिकामी राहिली. मी कारण लिहिलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ फक्त त्याबद्दलच विचारत राहिले. मला पदवी मिळाली.

तिच्या वाडीतली शाळा काही उघडली नाही. ती मुलगी मात्र बी.एड. झाली आणि आता आंबेगावच्या डोंगराकडे, धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. हिरडा गोळा करायच्या दिवसांत पोरं घरी जातात ती लवकर परतत नाहीत. तेव्हा ती वाड्यावाड्यांवर जाऊन त्यांना परत आणते. गेल्या वर्षी मीही तिच्याबरोबर गेले होते.

सकाळ होती. खाली पाणी दुधासारखं पांढुरकं दिसत होतं, आणि आम्ही चढत होतो. प्रत्येक घरी बसणं, कोरा चहा, समजावणं. कुठे आई तयार असायची पण पोर नाही, कुठे नेमकं उलटं. उन्हं वर आली तेव्हा आम्ही शेवटच्या घराशी पोचलो. अंगणात हिरडे वाळत पसरले होते. तिने नेहमीसारखं काय बोलायचं ते मनात जुळवलं असावं. पण बोलायची वेळच आली नाही. घरातली मुलगी वेणी घालून, दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि म्हणाली, “बाई, किती उशीर केला तुमी!”